आकडा यंत्रात नाही, करवतीखाली ठरतो

प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे: "मी भूशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. प्रवाळाच्या सांगाड्यातल्या रसायनांवरून समुद्राचं शेकडो वर्षांपूर्वीचं तापमान काढतात, असं वाचलं. हे नेमकं कसं करतात? त्यावर भरवसा किती ठेवायचा? आणि लक्षद्वीपच्या किंवा आपल्या मालवणच्या प्रवाळांवरून मान्सूनचा इतिहास निघेल का?"

आधी थोडक्यात सांगतो. तापमानाचे चढउतार चांगले कळतात, नेमकं तापमान तितकंसं नाही. लक्षद्वीपमधून मान्सूनचा इतिहास निघतो, पण झगडून. मालवणमधून फार मागे जाता येणार नाही. आता सविस्तर.

आजीच्या अंगठीतलं लाल पोवळं म्हणजे हा प्रवाळ नव्हे. ते भूमध्य समुद्रातलं वेगळं कूळ, त्याचा सांगाडाही वेगळ्या खनिजाचा. आमच्या कामाचा प्रवाळ म्हणजे मुख्यतः पोराइटिस. हा प्रवाळभित्तीवर मोठ्या धोंड्यासारखा वाढतो. जिवंत असतो तो फक्त वरचा काही मिलिमीटरचा थर. त्याखाली सगळा चुन्याचा सांगाडा, म्हणजे ॲरागोनाइट रूपातलं कॅल्शियम कार्बोनेट. वाढ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर, कुठे दीड. तीन मीटर उंचीचा धोंडा म्हणजे दोन-तीनशे वर्षांचा ऐवज, आणि तोही एकाच जागी बसून जमवलेला. जहाजांवरून घेतलेल्या जुन्या नोंदी आहेत, पण जहाज आज इथे, उद्या तिथे. उपग्रहाने समुद्राचं तापमान नियमित मोजायला लागून तर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली. त्यामागे जायचं तर अशा जागच्या न हलणाऱ्या साक्षीदारालाच विचारावं लागतं.

हा धोंडा फोडत नाहीत. पाणबुडे खाली जाऊन पोकळ नळीच्या ड्रिलने वरून खाली सरळ एक गाभा काढतात, मनगटापेक्षा थोडा जाड, आणि भोकात सिमेंटचं बूच बसवतात. वर्षा-दोन वर्षांत जिवंत थर त्यावरून पुन्हा पसरतो. गाभा प्रयोगशाळेत आला की हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने त्याची उभी चकती कापतात, पाच ते सात मिलिमीटर जाडीची. ताजा प्रवाळ कापताना जो वास सुटतो, तो सुक्या मासळीच्या बाजारात वाढलेल्या माणसालाही नकोसा होतो. मग चकतीचा एक्स-रे. आमच्याकडे स्वतःचं यंत्र नव्हतं तेव्हा आम्ही गावातल्या दवाखान्यात चकत्या घेऊन जायचो. तिथल्या तंत्रज्ञाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "पेशंटचं नाव काय लिहू?"

एक्स-रेवर गडद-फिकट पट्टे दिसतात. सांगाडा एका हंगामात दाट बनतो, दुसऱ्यात विरळ, आणि अशा एका जोडीचं एक वर्ष. कुठल्या हंगामात दाट, हे जागेनुसार बदलतं. पण जोडी म्हणजे वर्षच, हे कशावरून? याचं उत्तर मला या शास्त्रातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते. पॅसिफिकमधल्या एनेवेटाक कंकणद्वीपावर अमेरिकेने १९४८ ते १९५८ या काळात अणुचाचण्या केल्या. त्यातला किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम (कॅल्शियमसारखंच वागणारं मूलद्रव्य) तिथल्या प्रवाळांनी सांगाड्यात घेतला. नट्सन, बडेमायर आणि स्मिथ यांनी प्रवाळाच्या चकत्या फिल्मवर ठेवल्या, तर त्या किरणोत्साराच्या रेषा आपोआप उमटल्या. चाचण्यांची वर्षं तर माहीतच होती. रेषांमधले पट्टे मोजले, हिशेब जुळला. हे १९७२ साली प्रसिद्ध झालं. बॉम्बने केलेलं एवढं एक काम आम्ही रोज वापरतो.

(याच्याही आधी, १९६३ मध्ये, जॉन वेल्स यांनी डेव्होनियन काळातल्या, म्हणजे सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या, जीवाश्म प्रवाळांवरच्या बारीक दैनंदिन रेषा मोजल्या आणि वर्षाला सुमारे ४०० भरल्या. तेव्हा पृथ्वी भराभर फिरायची, दिवस छोटा होता. तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध नाही, पण भूशास्त्राच्या माणसाला हे माहीत असायला हवं.)

आता रसायन. हॅरल्ड युरी यांनी १९४७ मध्ये दाखवलं की पाण्यात चुना तयार होताना त्यात जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-१८, किती जातो हे तापमानावर ठरतं. पाणी थंड असेल तर जड ऑक्सिजन जास्त, गरम असेल तर कमी. प्रवाळात एक अंश तापमान वाढलं की हे प्रमाण साधारण ०.२ दर हजारी उतरतं. चांगल्या मास स्पेक्ट्रोमीटरची, म्हणजे हलके-जड अणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची, चूक ०.०५ ते ०.०८ दर हजारी असते, म्हणजे अंशाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आपण पोचतो. दुसरा मार्ग स्ट्रॉन्शियमचा. ॲरागोनाइट बनताना कॅल्शियमच्या जागी थोडा स्ट्रॉन्शियम शिरतो, थंड पाण्यात जास्त. तापमान एक अंश बदललं की स्ट्रॉन्शियम-कॅल्शियम गुणोत्तर साधारण ०.७ टक्क्याने बदलतं. ऐकायला किरकोळ वाटतं, आणि आहेच किरकोळ. म्हणून यंत्र दिवसभरात किती सरकतं हे बघायला दर पाच-सहा नमुन्यांमागे प्रमाणित प्रवाळाची पूड लावावी लागते. हे न करता काढलेला आलेख मी बघतसुद्धा नाही.

या दोन पद्धती कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळतील. पुस्तकात सहसा नसतं ते पूड काढण्याचं काम, आणि माझ्या मते निकाल निम्मा तिथेच लागतो.

चकती मायक्रोस्कोपखालच्या सरकत्या टेबलावर ठेवायची. दंतवैद्याच्या ड्रिलसारख्या बारीक टोकाने अर्धा ते एक मिलिमीटर पुढे सरकत खाच पाडायची. निघालेली चिमूटभर पूड, खरं तर चिमटीतही न येणारी, ब्लेडने कागदावर घ्यायची आणि कुपीत ओतायची. टोक साफ करायचं, हवेने चकती फुंकायची, पुढची खाच. पंखा बंद. मे महिन्यातही बंद, कारण एका झुळकीत फेब्रुवारीची पूड मार्चच्या कुपीत जाते. वर्षाला बारा-पंधरा नमुने धरले तर शंभर वर्षांसाठी बाराशे ते दीड हजार कुप्या होतात. यात हुशारी लागत नाही, बैठक लागते.

आणि खाच कुठून न्यायची हा प्रश्न त्याहून मोठा आहे. पोराइटिस पंख्यासारखा उलगडत वाढतो. जिथे तो सरळ वर आणि सर्वांत जोरात वाढला, त्या अक्षावरून चालायचं. दोन फुगवट्यांच्या मधल्या खोलगट भागातून किंवा तिरकं गेलात तर आकडे येतात, पण खोटे. माझ्या पहिल्या गाभ्यात मला सलग बारा वर्षं थंड मिळाली होती. शेजारच्या वर्षांपेक्षा दीड अंशाने थंड! मी हुरळून गेलो. लहान हिमयुगाचं, म्हणजे काही शतकांपूर्वीच्या थंड काळाचं, शेपूट वगैरे डोक्यात फिरायला लागलं. मार्गदर्शकांना आलेख दाखवला, तर त्यांनी आलेखाकडे पाहिलंच नाही. एक्स-रे मागितला, पेन्सिलने माझी खाच त्यावर आखली आणि विचारलं, "तू या दरीत कशाला उतरलास?" चार सेंटिमीटर बाजूला सरकून तीच बारा वर्षं पुन्हा काढली. थंडी गेली. तीन आठवड्यांचं काम आणि एक शोधनिबंध दोन्ही त्या दरीत राहिले.

दुसरा सापळा म्हणजे बदललेला सांगाडा. प्रवाळाचा सांगाडा स्पंजासारखा सच्छिद्र असतो. जुन्या भागातल्या छिद्रांमध्ये समुद्राच्या पाण्यातून नवा ॲरागोनाइट सुयांसारखा जमतो. त्यात स्ट्रॉन्शियमही जास्त आणि जड ऑक्सिजनही जास्त, म्हणजे दोन्ही मापं एका सुरात खोटी थंडी दाखवतात. पावसाचं गोडं पाणी लागून ॲरागोनाइटचं कॅल्साइट, म्हणजे चुन्याचंच दुसरं रूप, झालं असेल तर स्ट्रॉन्शियम निघून जातो आणि खोटी उष्णता दिसते. लक्षात घ्या, सुया नेहमी गाभ्याच्या खालच्या, जुन्या टोकाला जास्त. म्हणजे "पूर्वी समुद्र थंड होता, आता तापला" हा आपल्याला अपेक्षित असलेला निष्कर्ष हा दोषसुद्धा देऊ शकतो. जो निकाल आपल्याला आवडतो, त्याचा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आधी घाला.

आता ऑक्सिजनची खरी अडचण. प्रवाळातला ऑक्सिजन तापमान सांगतो, पण त्याचबरोबर तो ज्या पाण्यात बनला त्या पाण्याचीही खबर देतो. बाष्पीभवनात हलका ऑक्सिजन आधी उडतो, मागे जड उरतो. पावसाचं पाणी हलकं. म्हणजे पाऊस पडला की प्रवाळाला वाटतं, नव्हे, आपल्याला वाटतं, की समुद्र तापला. एका आकड्यात दोन गोष्टी कालवलेल्या. स्ट्रॉन्शियमवर पावसाचा असा परिणाम नगण्य असतो. म्हणून एकाच कुपीतल्या पुडीवर दोन्ही मोजायचं, स्ट्रॉन्शियममधून तापमान काढायचं, ते ऑक्सिजनमधून वजा करायचं. उरतो तो पाण्याचा, म्हणजे पावसाचा आणि क्षारतेचा हिस्सा. कागदावर सोपं आहे. व्यवहारात वजाबाकीत दोन्हीकडच्या चुका एकत्र होतात, आणि उरलेल्या आकड्याला हात लावताना भीती वाटली पाहिजे.

मध्य पॅसिफिकमध्ये नशीब चांगलं आहे. तिथे एल निनो आला की पाणी तापतं आणि पाऊसही वाढतो. दोन्ही परिणाम ऑक्सिजनला एकाच दिशेने ढकलतात, त्यामुळे नुसत्या ऑक्सिजनवरही एल निनो ठळक दिसतो. किम कॉब आणि सहकाऱ्यांनी पाल्मिरा बेटावर हेच केलं. वादळांनी किनाऱ्यावर फेकलेले मेलेले प्रवाळ त्यांनी गोळा केले आणि त्यांचं वय युरेनियम-थोरियमने काढलं. जिवंत प्रवाळात युरेनियम शिरतं, लाखात नव्हे, दहा लाखांत तीन भाग. थोरियम जवळपास नाहीच. नंतर युरेनियमपासून थोरियम साचत जातं, ते मोजलं की वय. काही शतकांच्या प्रवाळासाठी चूक काही वर्षांच्या आत राहते. मग या तुकड्यांच्या वर्षांची नागमोड एकमेकांवर बसवून त्यांनी गेल्या अकराशे वर्षांतल्या वेगवेगळ्या खिडक्या उघडल्या. २००३ च्या त्या निबंधात दिसलं की सतराव्या शतकाच्या मध्यात एल निनो आजच्याइतका किंवा त्याहून जोरकस होता, जगाचं सरासरी तापमान कमी असताना! म्हणजे "जग थंड तर एल निनो मवाळ" असा सोपा हिशेब नाही. २०१५-१६ च्या एल निनोत शेजारच्या किरितिमाती बेटावरचे बहुतेक प्रवाळ मेले, आणि त्यांच्याबरोबर पुढच्या नोंदीही थांबल्या.

अरबी समुद्रात हे नशीब उलटं. लक्षद्वीपजवळचं पाणी एप्रिल-मेमध्ये तीस अंशांच्या वर जातं. मग मान्सून येतो, वारे पाणी घुसळतात, आकाश झाकोळतं, पाणी थंड होतं. म्हणजे ऑक्सिजन जड व्हायला हवा. पण त्याच वेळी पाऊसही पडतो, तो त्याला हलका करतो. दोघं दोन बाजूंनी ओढतात. त्यात हिवाळ्यात बंगालच्या उपसागराचं कमी खारं पाणी श्रीलंकेला वळसा घालून इथवर येतं. ही तिसरी ओढ. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत आर. रमेश आणि सुप्रियो चक्रवर्ती यांनी नव्वदच्या दशकात लक्षद्वीपच्या प्रवाळांवर हे काम उभं केलं. मान्सूनच्या थंडाव्याचा ठसा तिथल्या ऑक्सिजनमध्ये ओळखता येतो, हे त्यातून कळलं. कच्छच्या आखातातल्या फाव्हिया जातीच्या प्रवाळावरही त्यांनी १९४८ ते १९८९ ची नोंद काढली. हे निबंध आधी वाचा, मगच परदेशी कामाकडे वळा.

लक्षद्वीपबद्दल एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. तिथलं वार्षिक तापमान दोन उंचवट्यांचं आहे. मेमध्ये शिखर, जुलै-ऑगस्टमध्ये घसरण, पावसाळ्यानंतर पुन्हा थोडा चढ, जानेवारीच्या सुमारास पुन्हा उतार. आम्ही महिने कसे ठरवतो? स्ट्रॉन्शियमवरून काढलेल्या तापमानाच्या आलेखातलं शिखर सर्वांत गरम महिन्याला बांधतो, दरी सर्वांत थंड महिन्याला, आणि मधले नमुने सम वाटून देतो. इथे दोन शिखरं आणि दोन दऱ्या. निष्काळजी माणूस एका वर्षाची दोन वर्षं करून टाकतो, आणि वर्षाला सहाच नमुने घेणाऱ्याला दुसरा उंचवटा दिसतच नाही. म्हणून एक्स-रेचे पट्टे आणि रसायनाचं चक्र, दोन्ही हाताने मोजायचे. शिवाय एका गाभ्यावर थांबायचं नाही. जवळच्या दुसऱ्या धोंड्यात तेच वर्ष तसंच दिसतं का, हे पाहिल्याशिवाय कालगणना पक्की म्हणू नये.

मान्सूनच्या इतिहासासाठी खरी मोठी मदत मात्र समुद्राच्या पलीकडच्या काठावरून झाली. सुमात्राच्या पश्चिमेला मेंतावाई बेटं आहेत. हिंद महासागरातलं द्विध्रुव, म्हणजे डायपोल (पूर्व आणि पश्चिम बाजूंच्या पाण्याच्या तापमानातला झोका), धन बाजूला झुकलं की तिथे खालचं थंड पाणी वर येतं, पाऊस आटतो. दोन्ही परिणाम ऑक्सिजनला जडच करतात, पाल्मिरासारखीच सोय. नेरिली एब्रम आणि सहकाऱ्यांनी तिथल्या जुन्या प्रवाळांवरून १२४० पासूनच्या काळातल्या अनेक खिडक्या उघडल्या. त्यात टोकाच्या धन द्विध्रुवाच्या दहा घटना सापडल्या. त्यातल्या चार १९६० नंतरच्या, पण सर्वांत जोराची १६७५ ची, १९९७ पेक्षाही मोठी. हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. १९९७ आपल्याला आठवायला हवं. त्या वर्षी जबरदस्त एल निनो असूनही देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के पडला, आणि त्याचं श्रेय बरेच जण धन द्विध्रुवाला देतात. २०१९ ला ते पुन्हा जोरात होतं, पाऊस ११० टक्के. कोल्हापूर-सांगलीचा पूर त्याच वर्षीचा. पण एका पुराचं खापर एका द्विध्रुवावर फोडू नका. त्यात धरणं, नदीपात्र, बांधकामं सगळं आलं, आणि त्यातलं काहीच प्रवाळ सांगत नाही.

आता भरवसा. उपग्रहाच्या तापमानाशी प्रवाळाचा आकडा जुळवून गणित बसवतात. हे गणित प्रत्येक धोंड्याला थोडं वेगळं निघतं, कारण प्रवाळ जिवंत प्राणी आहे, तो स्वतःच्या मर्जीने क्षार आत-बाहेर करतो. शेजारचे दोन धोंडे एकाच पाण्यात वाढून एक-दोन अंशांचा फरक दाखवू शकतात. पण दोघांतही गरम वर्ष गरम आणि थंड वर्ष थंड दिसतं. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं की चढउतारावर विसंबा. "१७८० साली इथे पाणी २८.३ अंश होतं" असं कुणी ठामपणे सांगितलं तर भुवई उंचवा. अनेक प्रवाळ एकत्र केले की व्यक्तिगत विक्षिप्तपणा बराचसा कटतो. ग्रेट बॅरियर रीफच्या परिसराचं १६१८ पासूनचं उन्हाळी तापमान अशा एकत्रित नोंदींवरून २०२४ मध्ये मांडलं गेलं, आणि २०२४, २०१७, २०२० ही चार शतकांतली सर्वांत गरम वर्षं ठरली. त्या निष्कर्षावर माझा भरवसा आहे, कारण तो एका धोंड्यावर उभा नाही.

एक उणीव मात्र कितीही धोंडे जोडले तरी पुरती भरत नाही. पाणी फार तापलं की प्रवाळ पांढरा पडतो आणि वाढ मंदावते, कधी थांबते. म्हणजे नेमक्या सर्वांत गरम महिन्यांत तो लिहिणं सोडतो. १९९८ मध्ये लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. अशा वर्षी सांगाड्यात दाट ताणपट्टा किंवा खंड दिसतो, आणि तिथलं स्ट्रॉन्शियम वेड्यासारखं वागतं. तो भाग तापमान म्हणून वाचू नका, घटना म्हणून वाचा.

मालवणचं काय? सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत, पण तिथे पाणी उथळ आणि गढूळ, पावसाळ्यात खाड्यांचं गोडं पाणी येऊन मिसळतं. अशा जागी प्रवाळ तगतो, पण शतकभराचा धोंडा उभा राहत नाही. चार-दोन दशकांची नोंद मिळाली तरी ती अरबी समुद्राची असेल की शेजारच्या खाडीची, हे सांगणं कठीण. तुम्हाला खाडीच्या पुराचाच अभ्यास करायचा असेल तर मात्र हीच उणीव उपयोगी पडेल. गाळाबरोबर बेरियम येतं, आणि ऑस्ट्रेलियात बर्डेकिन नदीच्या पुरांचा इतिहास, वसाहतीनंतर वाढलेल्या गाळासकट, प्रवाळातल्या बेरियमवरून काढला आहे.

शेवटी कामाचं. सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा परवानगीशिवाय पिशवीत टाकायचा नाही, आणि नमुना तपासणीला परदेशी पाठवायचा तर साइट्सची (धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची) वेगळी परवानगी लागते. याला सहज वर्ष जातं. तोवर एखाद्या प्रयोगशाळेच्या कपाटात पडलेल्या जुन्या चकत्या मागून घ्या. बहुतेक ठिकाणी असतात, आणि कुणी त्यांच्याकडे पाहत नाही. त्यांचे एक्स-रे घेऊन पेन्सिलने वाढीचा अक्ष आखायचा सराव करा. पाच चकत्यांवर तुमची रेघ आणि एखाद्या मुरलेल्या माणसाची रेघ एकाच वाटेने जायला लागली, की ड्रिल हातात घ्या.